पाय काढल्यानंतर कुत्र्याची वेदना घरी कशी सांभाळावी: ऑपरेशनच्या आधीपासून औषधे बंद होईपर्यंत

अपघात, हाडाचा कर्करोग, न जुळणारे हाड किंवा खांद्याजवळ तुटलेल्या नसा यांपैकी कोणत्याही कारणाने कुत्र्याचा पाय काढायचे ठरले की घरातली माणसे ऑपरेशनचाच धसका घेतात आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांची तयारी राहून जाते. त्या दोन आठवड्यांत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. वेदनाशामक औषध दुखू लागल्यावर द्यायचे, असे आपण आपल्या डोकेदुखीवरून धरून चाललेलो असतो. पाय काढलेल्या कुत्र्याच्या बाबतीत औषध घड्याळ पाहून द्यायचे असते, कारण एकदा भडकलेली वेदना आटोक्यात आणायला तीच गोळी पुरत नाही.

या ऑपरेशनमागून तीन वेगवेगळी दुखणी येतात. जखमेचा ठणका सुजेमुळे असतो. उरलेल्या स्नायूंना पेटके येतात. कापलेल्या मज्जातंतूंतून अचानक कळ उठते, जणू नसलेलाच पाय दुखतो आहे. सुजेवरची गोळी कळेवर फारशी चालत नाही आणि कळेवरची गोळी सूज उतरवत नाही, म्हणूनच डॉक्टर दोन-तीन औषधे एकत्र देतात. त्यांतली एखादी ‘जास्तीची’ समजून गाळू नये.

१. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना काय सांगावे आणि काय विचारावे

गेल्या महिन्याभरात कुत्र्याला दिलेले प्रत्येक औषध सांगावे. खाजेसाठी दिलेली प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी पुष्कळांच्या लक्षातच राहत नाही; पण स्टिरॉइड आणि सुजेवरचे वेदनाशामक पाठोपाठ पोटात गेले तर जठराला व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. शेवटची गोळी कोणत्या तारखेला दिली तेही सांगावे, कारण दोन औषधांत किती दिवसांचे अंतर ठेवायचे हे त्यावर ठरते. मूत्रपिंड आणि यकृत यांची रक्ततपासणी झालेली असावी. मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन ही सुजेवरची वेदनाशामके देता येतील की नाही, याचा निर्णय त्या कागदावर अवलंबून असतो.

त्यानंतर दोन प्रश्न विचारावेत. पाय कापण्यापूर्वी त्या पायाच्या नसांभोवती बधिरतेचे इंजेक्शन देणार का, हा पहिला. भूल दिलेली असली तरी कापलेल्या नसेचा संदेश मज्जारज्जूपर्यंत पोचतोच, आणि तो तिथे पोचण्याआधी अडवला तर पुढची वेदना आवरणे सोपे जाते. गॅबापेंटिन, म्हणजे नसांच्या कळेवरचे औषध, ऑपरेशनच्या आधीच सुरू करायचे का, हा दुसरा. पाय आधीपासून बरेच दिवस दुखत असेल तर हा प्रश्न आवर्जून विचारावा.

पाय कुठून काढणार तेही समजून घ्यावे. पुढचा पाय बहुधा खांद्याच्या फऱ्यासकट काढतात, तर मागचा मांडीच्या मध्यावरून किंवा खुब्यातून. जखम कुठे असेल हे कळले की कुत्र्याला उचलताना हात कुठे लावायचा नाही, हे आधीच ठरवता येते.

२. घर आधी लावून ठेवावे

आपल्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्स आणि मार्बल हा तीन पायांच्या कुत्र्याचा मोठा शत्रू आहे. पाय सटकला की शरीर सावरण्यासाठी कुत्रा पोटाचे व पाठीचे स्नायू आवळतो, टाक्यांवर ताण येतो आणि मग ‘गोळी लागू पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सलग वाट करावी. योगासनांच्या मॅट कापून, कडा चिकटपट्टीने फरशीला घट्ट बसवल्या तरी काम भागते. नुसती सतरंजी किंवा गोणपाट टाकू नये, कारण ते कुत्र्यासकट सरकते.

अंथरूण जाड असावे, पण इतके मऊ नको की त्यातून उठताना अंग रुतेल. पाण्याचे व खाण्याचे भांडे छातीच्या उंचीला, पाटावर ठेवावे. पुढचा पाय गेलेल्या कुत्र्यासाठी हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि आता तो एकावर येणार असतो. सोफा आणि पलंग यांच्याकडे जाणारी वाट खुर्च्या आडव्या लावून बंद करावी. जिन्याला फळी लावावी.

तपासणी: आपण स्वतः मोजे घालून त्या वाटेवरून झपझप चालावे. पाय जिथे घसरेल तिथे कुत्र्याचाही घसरणार.

३. दवाखान्यातून निघताना आणि औषधांच्या दुकानात

घरी निघण्याच्या घाईत सर्वांत महत्त्वाची माहिती निसटते, ती म्हणजे प्रत्येक औषधाचा शेवटचा डोस किती वाजता दिला आणि पुढचा किती वाजता द्यायचा. ‘सकाळ-संध्याकाळ’ एवढ्यावर समाधान मानू नये. तास लिहून घ्यावेत. अंगावर फेंटॅनिलचा पॅच (कातडीतून तीव्र वेदनाशामक सोडणारी चिकटपट्टी) लावला असेल तर तो कधी काढायचा आणि त्यानंतर त्याची जागा कोणते औषध घेणार, हे विचारावे. त्या पॅचला गरम शेक लागू देऊ नये, कारण उष्णतेने औषध एकदम जास्त शोषले जाते. लहान मुले व दुसरा कुत्रा यांना त्याच्यापासून दूर ठेवावे. रात्री फोन कोणाला करायचा, हेही तिथेच लिहून घ्यावे.

कुत्र्याची बरीच औषधे आपण माणसांच्या औषधांच्या दुकानातून घेतो आणि घोळ बहुधा तिथेच होतो. नुसते गॅबापेंटिन लिहिलेले असताना नॉर्ट्रिप्टिलिन किंवा मिथाइलकोबालामिन मिसळलेली गोळी हातात पडते. नुसते ट्रामाडॉल हे वेदनाशामक लिहिलेले असताना पॅरासिटामॉल मिसळलेले मिळते. ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ या उत्तरावर विश्वास न ठेवता पट्टीच्या मागचे घटक स्वतः वाचावेत आणि पट्टीचा फोटो डॉक्टरांना पाठवूनच पहिली गोळी द्यावी. गॅबापेंटिनचे पातळ औषध मिळाले तर त्यात झायलिटॉल आहे का ते पाहावे; हा गोडवा माणसाला निरुपद्रवी असला तरी कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतो.

सावधान: घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांपैकी काहीही कुत्र्याला देऊ नये. ‘अर्धीच गोळी दिली’ हा बचाव इथे चालत नाही. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असते. दुखण्यावर चोळायची मलमेही लावू नयेत, कारण कुत्रा ती चाटतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी स्वतः डोस लिहून दिला तरच द्यावे.

मेलॉक्सिकॅमचा हिशेब उदाहरणादाखल पाहू. पहिल्या दिवशी दर किलोला ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे रोज एकदा ०.१ मिलिग्रॅम, असे त्याचे नेहमीचे प्रमाण असते. पहिल्या दिवसाचाच डोस रोज देत राहणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. दहा किलोच्या कुत्र्याला म्हणजे रोज १ मिलिग्रॅम लागते. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. ती तोडून अचूक तुकडा होत नाही. कुत्र्यांसाठीचे पातळ औषध मागावे आणि ते चमच्याने न मोजता सोबतच्या पिचकारीनेच मोजावे.

४. औषधांचा तक्ता

एका कोऱ्या कागदावर चोवीस तास आडवे लिहून प्रत्येक औषधाची वेळ भरावी आणि कागद फ्रिजवर लावावा. दिलेल्या डोससमोर देणाऱ्याने सही करावी. सही हा शब्द गमतीने लिहिलेला नाही. आईने सातला दिलेली गोळी मुलाने आठला पुन्हा दिली, असे एकापेक्षा जास्त माणसे असलेल्या घरात सहज होते. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. फोन करून विचारावे.

सुजेवरचे औषध नेहमी खाण्याबरोबर द्यावे. कुत्रा जेवलाच नाही तर ते रिकाम्या पोटी न ढकलता डॉक्टरांना कळवावे. गोळी लपवायला पनीर, उकडलेले अंडे किंवा चिकनचा तुकडा चांगला. कांदा-लसणाची फोडणी पडलेले काहीही नको. आधी एक रिकामा तुकडा द्यावा, मग गोळीचा आणि लगेच तिसरा दाखवावा. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा न चावता गिळला जातो.

आता आमची चूक सांगतो. आमच्या भुऱ्याचा, सतरा किलोच्या गावठी कुत्र्याचा, पुढचा डावा पाय खांद्यापासून काढला होता. चौथ्या दिवशी रात्री दहाला गॅबापेंटिनची वेळ झाली तेव्हा तो चार दिवसांत पहिल्यांदा पाय ताणून, गाढ झोपला होता. ‘झोपलाय बिचारा, कशाला उठवा,’ असे म्हणून आम्ही दिवा मालवला. पहाटे तीनच्या सुमारास तो झोपेतूनच किंचाळून उठला, मान वळवून नसलेल्या पायाच्या जागी दात मारू लागला आणि तीन पायांवर मागे मागे सरकत कपाटावर आदळला. त्यानंतर दिलेली गोळी लागू पडेपर्यंतचा दीड तास मी त्याच्या छातीखाली हात घालून जमिनीवर बसून काढला. कुत्रा गाढ झोपलेला असला तरी वेळेला हलके जागे करून औषध द्यावे. तो नुसता पेंगुळलेला नसून हाकेला डोळेच उघडत नसेल, तर मात्र डोस थांबवून डॉक्टरांना फोन करावा.

५. वेदना ओळखणे

कुत्रा रडत नाही म्हणजे दुखत नाही, असे समजू नये. बहुतेक कुत्री वेदनेत गप्प होतात. आपण दार उघडून आत आलो की शेपूट हलवतात, आणि त्या शेपटीवरून घरातली माणसे निष्कर्ष काढतात. आपण खोलीत नसताना कुत्रा काय करतो ते खरे, म्हणून मोबाइल कपाटावर टेकवून वीस मिनिटांचे चित्रण करावे.

त्यात पुढील गोष्टी पाहाव्यात: अंग टाकून न झोपता बसूनच डुलक्या घेणे, वारंवार जागा बदलणे, पंखा चालू असतानाही धापा टाकणे, कान मागे ओढून डोळे बारीक करणे, पोट आवळून धरणे, ओठ सतत चाटणे, जखमेच्या बाजूला वळून वळून पाहणे.

ग्लासगो विद्यापीठात तयार झालेली एक तपासपट्टी पशुवैद्य वापरतात. आवाज, जखमेकडे लक्ष, चालणे, स्पर्शाला प्रतिसाद, वागणे आणि बसण्याची ढब अशा सहा बाबींना गुण देऊन २४ पैकी बेरीज करतात. कुत्र्याला चालवून पाहणे शक्य नसेल तेव्हा २० पैकी. बेरीज २४ पैकी ६ किंवा २० पैकी ५ झाली की औषध वाढवण्याचा विचार करायचा असतो. डॉक्टरांकडून ती समजून घ्यावी आणि शक्यतो एकाच माणसाने, पुढच्या डोसच्या थोडे आधी, भरावी. औषध नुकतेच चढलेले असताना घेतलेले गुण नेहमीच चांगले दिसतात.

पहिल्या रात्री कुत्रा एकसुरी कण्हत असेल, नजर हरवल्यासारखी असेल, पण जखमेच्या दोन इंच बाहेर तळव्याने हलके दाबल्यावर दचकत नसेल, तर तो फेंटॅनिलसारख्या अफूवर्गीय औषधाचा अंमल असू शकतो. हा फरक फोनवर नीट सांगता आला तर डॉक्टरांना औषध वाढवायचे की कमी करायचे, हे ठरवता येते.

६. पहिले पाच दिवस

दवाखान्यातील तीव्र औषधांचा अंमल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओसरतो. आणल्याच्या दिवशी बरा दिसलेला कुत्रा तिसऱ्या दिवशी मलूल दिसला तर त्याचे आश्चर्य वाटू नये. त्या दिवशी मात्र कोणीतरी पूर्णवेळ घरी असावे.

पहिले दोन-तीन दिवस, दिवसातून तीन-चार वेळा, दहा ते पंधरा मिनिटे थंड शेक द्यावा. फ्रीजरमधली मटारची पिशवी पातळ, कोरड्या नॅपकिनमध्ये गुंडाळली की जखमेच्या वळणावर नीट बसते. बर्फ थेट कातडीला लावू नये आणि टाके ओले होऊ देऊ नयेत. गरम शेक या दिवसांत नको, त्याने सूज वाढते. हळद, तेल, राख यांपैकी काहीही जखमेवर लावू नये.

उठवताना काखेत हात घालून ओढू नये. मागचा पाय गेला असेल तर जखमेला न लागेल असा टॉवेल पोटाखालून घेऊन मागचा भार उचलावा. पुढचा गेला असेल तर छातीखालून आधार द्यावा. आधार म्हणजे कुत्र्याला लटकवणे नव्हे. पाय जमिनीवरच राहिले पाहिजेत. पूर्ण उचलायचे असेल तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली आणि जखमेची बाजू आपल्या अंगापासून बाहेर.

लघवीला दिवसातून चार-पाच वेळा, दोर लावून, दाराबाहेरच न्यावे. बारा तासांत लघवी झाली नाही तर फोन करावा. शी मात्र तीन-चार दिवस लांबू शकते. औषधांनी आतडी मंदावतात आणि खाणेही कमी झालेले असते.

जखमेला तोंड लागू नये म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर काढू नये. ‘आम्ही लक्ष ठेवतो’ म्हणणाऱ्या घरातला कुत्रा मालक अंघोळीला गेला असताना टाके उसवतो.

सावधान: हिरड्या पांढुरक्या पडणे, शी काळी डांबरासारखी होणे, वारंवार उलटी, शांत झोपेत मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास, १०३ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप किंवा जखमेतून ठिबकत राहणारे रक्त, यांपैकी काहीही दिसले तर पुढचा डोस न देता लगेच दवाखाना गाठावा.

७. सहाव्या दिवसापासून टाके निघेपर्यंत

टाके बहुधा दहा ते चौदा दिवसांनी काढतात. या काळात कुत्र्याला बरे वाटू लागते आणि तो उड्या मारू पाहतो; याच आठवड्यात जखमा उसवतात. चालणे पाच-पाच मिनिटांचे, दिवसातून तीन-चार वेळा आणि दोरानेच असावे. जखमेच्या खालच्या टोकाला मऊ, गार, पाण्याने भरल्यासारखा फुगा आला तर तो बहुधा साचलेला द्रव असतो. तो सुईने फोडू नये, डॉक्टरांना दाखवावा. तीच जागा गरम, लाल, वास येणारी आणि हात लावू न देणारी झाली तर तो संसर्ग आहे, आणि त्यावर वेदनाशामक वाढवून भागणार नाही.

पेटके याच सुमारास उठून दिसतात. उरलेल्या टोकाचे किंवा खांद्याभोवतीचे स्नायू फडफडतात आणि पाठ कडक लागते. सूज उतरली असेल तर डॉक्टरांना विचारून पाठीच्या स्नायूंना, टाक्यांपासून दूर, कोमट शेक द्यावा आणि तळव्याने सावकाश चोळावे.

८. नसलेल्या पायाची कळ

ही कळ पुष्कळदा स्वभावदोष म्हणून खपवली जाते. शांत बसलेला कुत्रा अचानक किंचाळून उडी मारतो, पायाच्या जागी चावायला जातो किंवा घाबरून कोपऱ्यात शिरतो आणि दोन मिनिटांत पुन्हा शांत होतो. दवाखान्यात नेईपर्यंत काहीच दिसत नाही आणि घरचे ‘नाटकी आहे’ म्हणून मोकळे होतात. अशा वेळी चित्रण करावे. तारीख, वेळ, शेवटच्या डोसला किती तास झाले आणि त्याआधी काय घडले, हे लिहावे. कळ दर वेळी डोसच्या शेवटच्या तासातच येत असेल तर डॉक्टर दोन डोसांतले अंतर कमी करतील. कोणत्याही वेळी येत असेल तर डोस वाढवतील किंवा अमँटाडिन हे कळेवरचे दुसरे औषध जोडतील. अमँटाडिनचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, त्यामुळे चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून ते सोडू नये. एकट्या ट्रामाडॉलवर भिस्त ठेवू नये. कुत्र्यांत त्याचा वेदनेवरचा परिणाम भरवशाचा नाही.

कळ येत असताना कुत्र्याला घट्ट कवटाळू नये. तो शुद्ध भीतीने चावू शकतो. नावाने हाक मारावी, बाजूला बसावे आणि तो आपण होऊन टेकला तर छातीवर हात ठेवावा.

९. औषधे कमी करण्याचा क्रम

एका वेळी एकच औषध कमी करावे आणि दुसऱ्याला हात लावण्यापूर्वी किमान तीन दिवस थांबावे. दोन्ही एकदम कमी केली आणि दुखणे परतले, तर कोणते औषध वेदना धरून होते हे कळायला मार्ग उरत नाही. गॅबापेंटिन कधीही एकदम थांबवू नये. डोस टप्प्याटप्प्याने खाली आणावा, आणि तो किती व कधी हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. गोळ्या संपत आल्या की दोन दिवस आधीच आणाव्यात, कारण रविवारी संपलेली पट्टी सोमवारी दुपारपर्यंत मिळत नाही, आणि तेवढ्यात दोन-तीन डोस बुडतात.

तपासणी: प्रत्येक कपातीनंतर तिसऱ्या दिवशी वीस मिनिटांचे चित्रण पुन्हा करावे आणि आधीच्या चित्रणाशेजारी ठेवून पाहावे. रोज पाहणाऱ्याला सावकाश होणारा बदल दिसत नाही.

१०. उरलेल्या तीन पायांचे दुखणे

महिन्याभराने कुत्रा पळू लागतो, पण मान, पाठ आणि जोडीचा पाय आता दुप्पट राबत असतात. फरशीवरच्या मॅट काढू नयेत; त्या कायमच्या आहेत. नखे दर दोन-तीन आठवड्यांनी कापावीत, पंजामधले केस छाटावेत आणि वजन दर महिन्याला करून लिहून ठेवावे. लाडाने दिलेली एकेक जादा पोळी थेट त्या सांध्यांवर जाते. सकाळी उठताना अडखळणे किंवा चालून आल्यावर पुढचा पंजा सारखा चाटणे, ही सांध्यांच्या दुखण्याची सुरुवातीची लक्षणे असतात. त्यावर उरलेल्या जुन्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत. आधी दाखवून घ्यावे. हाडाच्या कर्करोगामुळे पाय काढला असेल आणि काही महिन्यांनी दुसऱ्या पायाने लंगडणे सुरू झाले, तर त्याच आठवड्यात एक्स-रे काढून घ्यावा.